पट्टी, पत्रक आणि मोजे

आमच्या घरी वर्तमानपत्र कधीमधी यायचं, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मात्र रोज. वडील ती छापून आणायचे आणि सायकलवरून वाटत फिरायचे. ‘जागे व्हा!’ हे शब्द मी ‘कमळ’च्या आधी वाचायला शिकलो.

नववीत मी शाळेच्या फुटबॉल संघात होतो. आमच्या कॅप्टनने टीव्हीवर एका परदेशी खेळाडूच्या गुडघ्याला निळी पट्टी पाहिली. तिने म्हणे स्नायूंना जोर येतो. तसली पट्टी जालन्यात कुठली मिळायला! कॅप्टनचे वडील एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात होते. तिथली, खोकी बंद करायची लाल चिकटपट्टी त्याने आणली. आमच्या वस्तीत फुटक्या काचा, सायकलीची सीटं, दप्तरं, सगळं त्याच पट्टीने जोडलेलं. तिच्यावर काय छापलंय, हे कुणी बघतसुद्धा नसे.

सगळ्यांनी ती गुडघ्याला गुंडाळली. मी नकार दिला. गंडा मनगटाला बांधा नाहीतर गुडघ्याला, गंडा तो गंडाच! वहीच्या पानावर मी पत्रक लिहिलं आणि शाळेच्या नळाजवळ लावलं: ‘खेळाडू बंधूंनो! भूलथापांना बळी पडू नका! पट्टीमुळे एक जरी गोल झाला, तर मी महिनाभर अख्ख्या संघाचे मोजे धुवीन.’ खाली ठसठशीत सही.

सामना घनसावंगीला होता. पंधरा मिनिटांत आमचे दोन गोल झाले. कॅप्टन चेंडू घेऊन निघाला की समोरची पोरं वरातीला द्यावी तशी वाट द्यायची. मला मात्र मनसोक्त पाडत होती. अकरा जणांच्या मोज्यांचा वास मला मैदानातच येऊ लागला.

तिसऱ्यांदा पडलो तेव्हा पाडणाऱ्यालाच विचारलं, “मलाच का रे?”

“तुह्या पायाला इख न्हाई ना,” तो म्हणाला. “त्यांच्या गुडघ्यावर कवटी हाय. आमी शेतातले पोरं. इख लावलेलं बियाणं आमाला बराबर कळतं.”

मी कॅप्टनच्या गुडघ्याकडे पाहिलं. कवटी, दोन हाडं आणि ‘विषारी औषध लावलेले बियाणे’.

गप्प बसलो असतो तर सामना जिंकलो असतो. पण गैरसमजावर मिळवलेला विजय! मध्यंतरात मी थेट त्यांच्या घोळक्यात जाऊन भाषण ठोकलं. “मित्रांनो, विष बियाण्याला असतं, पट्टीला नाही!”

“मंग चाटून दाखव.”

मी कॅप्टनपुढे बसलो आणि त्याचा गुडघा चाटला. खारट होता.

“अबे, तू कोणाकडून खेळून राह्यला?” कॅप्टन किंचाळला.

समोरच्यांनी पाच मिनिटं माझ्याकडे नीट पाहिलं. मी मेलो नाही. उत्तरार्धात आम्ही तीन गोल खाल्ले.

परतीच्या जीपमध्ये जो तो पट्टी ओरबाडत होता. पट्टीबरोबर पायाचे केस निघत होते आणि प्रत्येक केसामागे मला एक शिवी पडत होती. मी म्हणालो, “पण सिद्ध झालं ना? स्नायूंना काही जोर आला नाही.”

कॅप्टनने खिशातून माझं पत्रक काढलं. “स्नायूचं इथं काहीच न्हाई. पट्टीमुळे एक जरी गोल, असं हाय. दोन झाले. सही तुहीच ना?”

सही माझीच होती. दिलेल्या शब्दाला जागायचं, हे घरचं वळण. महिनाभर मी मोजे धुतले, आणि पोरं ते मुद्दाम चिखलातून फिरवून आणत. माझं पत्रक कॅप्टनने त्याच लाल पट्टीने पुन्हा नळावर लावलं होतं. मी कितीदा तरी नखाने उचकटून पाहिलं. पट्टी चिकटायला उत्तम होती, एवढं मात्र मी मान्य करतो.