रॅम मेअखेर उतरेल

चौलच्या पद्माबाईंनी एकसष्ट वर्षांत हापूसची पहिली पेटी कधी घेतली नाही. वाडीत नारळ-पोफळी रग्गड, पण हापूसचं झाड एकच, तेही एक वर्षाआड रुसणारं. त्यामुळे पेटी विकतच आणायची. त्यांचा नियम साधा होता. मार्चमध्ये नुसता वास घ्यायचा, एप्रिलमध्ये भाव विचारून नाक मुरडायचं, आणि मेअखेर निवांत पिशवी घेऊन निघायचं. "चढलेला भाव उतरायलाच चढलेला असतो," असं त्या म्हणत. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवलेल्या बाईंचं म्हणणं खोडून काढायची गावात कुणाची टाप नव्हती. नियम कधी चुकलाही नाही. रॅमपर्यंत.

झालं असं की मागच्या दिवाळीत लेक आली होती. इरा पुण्याला एका खोलीत राहते आणि संगणकावर जाहिरातींसाठी घरं, गाड्या, साबणाचे फुगे, काय वाटेल ते हलतं-बोलतं तयार करते. त्याला लागणारा संगणक म्हणजे वीस किलोचं धूड. फराळाच्या पोह्यांचा बकाणा भरलेल्या तोंडाने ती म्हणाली, "इथे माझ्याकडच्यासारखं मशीन असतं ना आई, तर महिन्यातले पंधरा दिवस मी इथूनच काम केलं असतं."

लेक बोलून गेली आणि चकली घ्यायला वळली. पद्माबाईंनी मात्र त्या वाक्याला गाठ मारून ठेवली.

"काय काय लागतं, लिहून दे," म्हणाल्या. इराने हसत हसत कॅलेंडरच्या पाठीवर सुट्या भागांची यादी लिहिली. आपल्या पुण्याच्या मशीनची हुबेहूब.

मग पेन्शन हातात पडताच पद्माबाईंच्या अलिबागच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुकानदार राहुल त्यांचा चौथीतला विद्यार्थी. पहिली आली ती पेटी, म्हणजे कॅबिनेट. एका बाजूने काच आणि आत रंगीत दिवे. शेजारच्या हेमांगीवहिनी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "छान आहे हो. मासे कधी सोडताय?" पद्माबाईंचे यजमान देवव्रत झोपाळ्यावरून म्हणाले, "मासा पुण्याला आहे. हे त्याच्यासाठी लावलेलं जाळं."

खाऱ्या वाऱ्याने चौलात कुलपंसुद्धा वर्षभरात गंजतात. म्हणून कॅबिनेटवर क्रोशाचा रुमाल पडला आणि प्रोसेसरची इवलीशी डबी तांदळाच्या डब्यात खोल पुरली गेली. तांदूळ ओल खेचतो.

"भात जरा जपून कर," देवव्रत रोज सांगत. "चुकून शिजला, तर मला एकदम हिशेब यायला लागतील."

सगळं जमलं. राहिली रॅम. बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या.

"बाई, आजच घ्या," राहुल म्हणाला. "दसऱ्याला आठ हजार होती, आज अकरा आहे. अजून चढेल."

"का पण? एवढीशी तर आहे."

"मोठ्या कंपन्या डेटा सेंटरं बांधतायत ना, एआयसाठी. कारखान्यातनं माल निघायच्या आधीच उचलतात सगळा."

"म्हणजे वाशीचे व्यापारी मोहोरावरच बाग घेतात, तसं?"

"अगदी तस्संच, बाई!"

आता, मोहोरावर बाग गेली की गावातल्या माणसाला डागी आंबासुद्धा दुर्मिळ होतो, हे चौलातलं शेंबडं पोरही सांगेल. पद्माबाईंनीही ते शंभरदा पाहिलं होतं. पण त्या दिवशी त्यांना नेमका पेटीचा नियम आठवला. त्या पिशवी झटकून उठल्या. "राहू दे. मेअखेर उतरेल."

डिसेंबरात रॅम बावीस हजारांवर गेली. पद्माबाईंनी नाक मुरडलं. "एप्रिल आहे हा तिचा," त्या घरी म्हणाल्या.

"अगं, रॅम ती. पायरी नव्हे," देवव्रत म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला आंबा आणि तोतापुरीतला फरक कळत नाही."

आणि फेब्रुवारीत इराचा फोन आला. "आई, शिमग्याला येते. चांगले बारा दिवस! मशीन तयार आहे ना? तिथूनच काम करीन."

"आहे तर!" पद्माबाई बोलून गेल्या आणि पहिल्या गाडीने अलिबाग गाठलं. या वेळी त्यांनी भाव विचारलाच नाही. राहुलने मात्र हात जोडले. "छत्तीस झाली, बाई. पण तेही सोडा, मालच नाही. मुंबईला सांगून ठेवलंय. पंधरा दिवस, महिना... कुणीच नक्की सांगत नाही."

परतताना कुंपणांवरून डोकावणाऱ्या मोहोराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी फोन लावला आणि वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखं सगळं सांगून टाकलं. स्वस्त होईल म्हणून थांबले. उतरलीच नाही. आता मिळतच नाही.

पलीकडून इरा म्हणाली, "बरं. बघते."

फोन ठेवून पद्माबाई झोपाळ्यावर येऊन बसल्या. त्यांच्या घरात 'बघते' म्हणजे नाही. हा शब्द त्यांनीच घरात आणला होता. सहलीला जाऊ का, बघते. कुत्रा पाळूया का, बघते.

"तीन हजार वाचवायला गेले," त्या म्हणाल्या, "आणि बारा दिवस घालवले."

देवव्रतांना यावर पाच विनोद सुचले असणार. एकही न बोलता त्यांनी पायाने झोपाळा हलकेच ढकलला.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. पाठीला पिशवी लावून इरा उभी होती. चहासुद्धा न घेता तिने पिशवीतून मोज्यांचा जोड काढला. मोज्यात चकचकीत पाकीट, पाकिटात दोन पट्ट्या.

"माझ्या मशीनच्या उपटून आणल्यात. यादी सारखीच आहे ना? धूड आणता येत नाही, पण एवढं येतं की! मला आधी सुचलंच नाही. प्रोसेसर कुठाय?"

पद्माबाईंनी तांदळात कोपरापर्यंत हात घातला.

"आई!" इरा किंचाळली.

त्यानंतर बारा दिवस घरात काचेआड दिवे लागले. पद्माबाई मागे उभ्या राहून बघायच्या. लेक पडद्यावर घर बांधायची, त्याला खिडक्या लावायची, खिडकीतून ऊन सोडायची. "त्या ओसरीला झोपाळा नाही," त्यांनी एकदा चूक काढली. इराने मुकाट्याने लावला. गिऱ्हाईकाने म्हणे दुसऱ्या दिवशी तो काढायला लावला.

निघायच्या सकाळी इराने कॅबिनेटची काच उघडली. पद्माबाई स्वयंपाकघरात गेल्या. पट्ट्या निघताना त्यांना बघायचं नव्हतं.

"आई, इकडे ये. एकच नेतेय."

"अगं, तुझं काम?"

"एकावरही चालतं. रखडत चालेल." इरा काच लावत म्हणाली. "माणगावहून, आजीकडून निघताना तू ओटीतले चार दाणे परत तिच्या डब्यात टाकायचीस ना? मी विचारलं तर म्हणायचीस, सगळं उचलून न्यायचं नसतं. पुन्हा यायचं असतं."

गाडी वळणाआड गेली तरी पद्माबाई फाटकाशी उभ्या होत्या.

हल्ली संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या क्रोशाचा रुमाल बाजूला करून बटण दाबतात. मशीन धापा टाकत, सावकाश उठतं. पडद्यावर इराचं नाव येतं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. पासवर्ड त्यांना माहीत नाही, आणि त्यांनी विचारलेलाही नाही.

राहुलचा मध्ये फोन आला होता. माल आलाय, बाई, ठेवू का एक?

"नको," पद्माबाई म्हणाल्या. "दुसरी पुण्याहून यायची आहे."