हळीव, डिंक, बाळंतशेपा

रेशनचं धान्य खुलं झालं त्याच्या पुढल्या वर्षाची ही गोष्ट. आम्ही कल्याणला राहत होतो. मी मॅट्रिक होऊन घरीच होते. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, एका मोठ्या किराणा दुकानात दिवाणजी होते. आमच्या भागातली बरीच नोकरदार घरं तिथूनच महिनाभर माल नेत. घरून चिठ्ठी यायची, माल पोचता व्हायचा, आणि चिठ्ठीवरचं सगळं आबा त्या त्या घराच्या पानावर खातेवहीत उतरवायचे.

त्या वर्षी आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. सहाचा शून्य दिसायला लागला तेव्हा त्यांनी शेटना सांगून टाकलं. शेट म्हणाले, "तुमच्या मुलीचं अक्षर चांगलं आहे ना? दुपारी वह्या घरी न्या, तिच्याकडून लिहून घ्या." तेव्हापासून आबा जेवायला येताना लाल बासनात वह्या बांधून आणायचे. ते डोळे मिटून पडायचे आणि मी चार वाजेपर्यंत लिहीत बसायचे.

सुरुवातीला कंटाळा आला. मग गोडी लागली. एखाद्या घराची चार-सहा महिन्यांची पानं लागोपाठ वाचली की त्या घरात बसून आल्यासारखं वाटायचं. चहा उंची होता तो एकदम भुकटीवर आला, म्हणजे त्या घरच्या कर्त्याची नोकरी गेली. साबुदाणा वाढला, म्हणजे सुनेला कुणीतरी सोळा सोमवार सांगितलेले दिसतात. विड्या यायच्या बंद झाल्या, म्हणजे म्हातारा गेला, किंवा डॉक्टरांनी दम दिला. रस्त्यात ती माणसं भेटली की मी नमस्कार करायचे आणि मनात म्हणायचे, तुमचं मला सगळं माहीत आहे. आईला एकदा काहीतरी सांगायला गेले तर पलीकडे पडलेले आबा डोळे न उघडताच म्हणाले, "वहीतलं वहीत राहू दे."

त्या वह्यांत माझ्या मैत्रिणीच्या घरचंही पान होतं. शाळेत ती माझ्या दोन वर्षं पुढे. घरात तिची विधवा आई, रेल्वेच्या कारखान्यात काम करणारा, लग्न न झालेला मोठा भाऊ, आणि ती. ती घरी पोलकी शिवायची. तिला ठाण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कचेरीत कारकून, घर शिकलेलं, मुलगी त्यांना पसंत होती.

तेवढ्यात त्यांच्या पानावर मला हळीव दिसले. मग डिंक, खारीक, सुंठ. पुढल्या आठवड्यात बाळंतशेपा, वावडिंग, वेखंड, आणि ओवा नेहमीच्या चौपट. मी तीन वेळा वाचलं. हे सामान बाळंतिणीच्या घरी जातं, हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि त्या घरात बाळंत होण्यासारखं कोण होतं? त्या पंधरवड्यात मैत्रीण फारशी दिसली नव्हती, हेही मला तेव्हाच आठवलं.

ठाण्याच्या त्या मुलाची एक मावशी आमच्याच आळीत राहायची. ती एका दुपारी आईकडे येऊन बसली. मी समोरच वही लिहीत होते. "घर कसं आहे हो?" तिने आईला विचारलं. "तुमच्याकडे काय, साऱ्या गावाची खाती."

आई म्हणाली, "चांगली माणसं आहेत. माउली तर अगदी गरीब."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "तू लिहितेस ना गं? काय म्हणतंय खातं?"

मी म्हणाले, "कधी थकत नाही त्यांचं." इथे मला थांबता आलं असतं. पण मी पुढे म्हणाले, "हल्ली हळीव, डिंक फार जातोय त्यांच्याकडे. बाळंतशेपासुद्धा."

मावशी चहा अर्धा ठेवून उठली. मी साधेपणाने बोलून गेले, असं मी पुढे पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. तिच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते मला बघायचं होतं.

आठ दिवसांत ठाण्याहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर नळावर बायका मैत्रिणीच्या आईला बघून बोलायचं थांबायच्या. माझ्या आईने ते घरी येऊन सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

मग एके दिवशी मैत्रिणीची आई स्वतः दुकानात गेली. आबा तिथेच गादीवर होते. काकूंनी सगळी बाकी चुकती केली आणि शेटना म्हणाल्या, "खातं बंद करा. आणि माझं पान मला फाडून द्या."

शेट म्हणाले, "बाई, वहीचं पान फाडता येत नाही. सरकारला दाखवावी लागते."

"सरकारने बघायच्या आधी आळीने बघितली," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

आबा त्या दिवशी बासन न घेता घरी आले. हातपाय न धुता माझ्यासमोर बसले. "कुणाला बोललीस?" मी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ ते पंच्याच्या टोकाने चष्मा पुसत राहिले. मग उठून दुकानात गेले आणि चूक माझ्या घरातून झाली म्हणून काम सोडतो, असं शेटना म्हणाले.

शेट हसले. ते काय म्हणाले ते आबांनी मला शब्दशः सांगितलं. "दिवाणजी, काम कशाला सोडता? पोरगी हुशार आहे. तिला म्हणावं, बाहेर बोलायचं नाही, मला सांगायचं. कुणाकडे लग्न निघतंय, कुणाचा हात आखडलाय, आपल्याला आधी कळायला हवं. त्याप्रमाणे माल भरता येईल."

आबांनी काम सोडलं नाही, आमचं घर त्यावर चालत होतं. पण वह्या पुन्हा घरी आल्या नाहीत. भिंगाची काच धरून ते दुकानातच लिहायचे. संध्याकाळी त्यांचे डोळे लाल झालेले असत आणि आई थंड पाण्याच्या घड्या ठेवायची. मी पुढे गेले तर म्हणायचे, "राहू दे."

त्या रविवारी ते मला घेऊन मैत्रिणीच्या घरी गेले. दारात काकू होत्या. आबा म्हणाले, "हिला काही सांगायचंय," आणि बाहेरच्या पायरीवर बसून राहिले.

मैत्रीण मशीनवर होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"ते सामान शहाडला जात होतं," काकू म्हणाल्या. "माझ्या मुलाबरोबर कारखान्यात काम करणाऱ्याची बायको. साताऱ्याकडची, आई नाही, सासू नाही, एका खोलीत बाळंत झाली. मी लाडू, काढा करून द्यायचे, तो कामावर जायच्या आधी पोचवायचा. लपवण्यासारखं काय होतं त्यात? कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आणि महिनाभर मी तिच्याकडेच जात होते दुपारची," मैत्रीण म्हणाली. "बाळाला न्हाऊ घालायला." मग तिने मला विचारलं, "अजून काय काय कळलं तुला आमचं?"

"काही नाही."

"सांग ना. दर महिन्याला वाचत होतीस."

तिचा आवाज अगदी साधा होता, म्हणून मला टाळता येईना. मी सांगितलं. गोडेतेल दिवाळीनंतर निम्म्यावर आलं. तूरडाळ गेली, मसूर आली. भावाचा दाढीचा साबण बंद झाला. ती ऐकत होती. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. शेवटी मैत्रीण म्हणाली, "हुंड्यासाठी साठवत होतो. आता आणू तूरडाळ." आणि थोड्या वेळाने, "तुमच्या घरचं पान कोण लिहितं?"

"आमचं खातं नाही. शेट पगारातच माल देतात."

"बरं आहे," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

आबा मग एकटेच ठाण्याला गेले. मुलाच्या वडिलांना शहाडची हकिकत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला, आणि आता मुलाचं दुसरीकडे बोलणं चाललंय म्हणाले. आबा घरी आले ते, "चहा चांगला होता," एवढंच बोलले.

चार महिन्यांनी मैत्रिणीचं कुटुंब डोंबिवलीला, कोपरच्या बाजूला राहायला गेलं. तिचं पुढे लग्न झालं नाही. माझ्यामुळे, असं कुणी म्हणालं नाही, आणि नाही असंही कुणी म्हणालं नाही. तिने शिवणाचा वर्ग काढला. माझं लग्न झाल्यावर मी एकदा पत्ता काढून तिथे गेले, पोलकं शिवायचं निमित्त करून. तिने माप घेतलं, माझ्या मुलीची चौकशी केली, आबांचं ऑपरेशन झालं का विचारलं. काकू कशा आहेत म्हटल्यावर "बऱ्या आहेत" म्हणाली.

मधल्या दाराला पडदा होता. आत कुणीतरी भांडी लावत होतं. माझी नजर तिकडे गेली तेव्हा ती उठली, पडदा आणखी ओढून घेतला, आणि मला विचारलं, "बाही कोपरापर्यंत ठेवू की वर?"