मौनात आलेली हाक

हसनाबादच्या पुढे मेंढरांच्या कळपाने आमचा रस्ता अडवला. माझी कॉलेजची पोरं मौनात चालत होती. तेवढ्यात मेंढपाळ ओरडला, "कैलास! आरं ए कैलास!"

सगळ्यात पुढे असलेल्या कैलासने मान वर केली नाही. कळपाला वळसा घालून तो सरळ निघून गेला.

मेंढपाळ माझ्याकडे वळला.

"म्याडम, माझं लेकरू हाय ते. बोलून काऊन न्हाई राह्यलं?"

कैलासने तर होस्टेलमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, वडील एमआयडीसीत सुपरवायझर आहेत.

"मौन आहे त्यांचं. दुपारच्या जेवणापर्यंत."

"आसं व्हय!" त्यांना बरंच वाटलं. मागून ओरडले, "मंग बिलकुल बोलू नको रं बाबा! नेम बराबर पाळ!" आणि आम्हाला वाट द्यायला मेंढरं बाजूला घेऊ लागले.

मी जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या फादरांच्या होस्टेलची वॉर्डन. दरवर्षी पोरांना पिलग्रिमेजला नेते. यात्रा म्हटलं की पोरं विचारतात, नवस कुणाचा? इथे नवस नसतो. पोरांनी मोबाइल होस्टेलवर ठेवायचा, पायी चर्चपर्यंत जायचं आणि चालताना आपल्या आत काय हलतंय ते बघायचं. नेणाऱ्याने त्यात तोंड घालायचं नाही. त्या दिवशी हा नियम मला नकोसा झाला. त्याला थांबवू? चारचौघांत शोभा होईल. सोडून देऊ? मग त्या बापाचं काय? मी सारखी मागे बघत होते. कैलासचा राग येत होता, नियमाचाही येत होता.

दुपारी एका शाळेच्या ओट्यावर टेकलो. जेवणाआधी एक्झामेन असतं, म्हणजे चालून आलेल्या वाटेकडे वळून बघायचं. मन कुठे मोकळं झालं, कुठे आखडलं, ते थोडक्यात सांगायचं. कुणाचे पाय दुखत होते, कुणाला आई आठवली होती. कैलासची पाळी आली.

"मी मौन पाळलं न्हाई, मॅडम. मौनाआड लपून राह्यलो होतो." त्याने मागच्या वाटेकडे बोट केलं. "ते मेंढरंवाले माझे वडील हायेत."

त्याने सॅक उचलली. "मागं जाऊ का?"

मी फादरांना फोन लावला. "कैलास मागे जातो म्हणतोय. चर्च राहील त्याचं."

"चर्च कुठं पळून चाललंय? भाकरी बांधून द्या."

भाकरी घेऊन तो जवळजवळ पळतच सुटला.

रविवारी तो होस्टेलवर परतला, वडिलांना घेऊन. एकेकाशी ओळख करून देताना त्याची जीभ अडखळत होती, पण त्याने कुणालाही सोडलं नाही. वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माझ्यामुळं नेम तर न्हाई ना मोडला त्याचा?"

"नाही," मी म्हणाले.

आता मौनाच्या सूचनांत मी एक ओळ वाढवली आहे: घरच्या माणसाने हाक मारली, तर ओ द्यायची.