बटण बंद होतं

नवऱ्याचा हात मशीनला चिकटला होता आणि बटण बंद होतं. त्यांनी सांगितलं म्हणून मशीनवरचं ते बटण मीच बंद केलं होतं. मशीनचे दिवे विझले होते. तरी हे थरथरत होते, दात आवळलेले, घशातून नुसती घरघर. मी तीन पावलांवर उभी होते. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. बटण बंद करायचं. ते बंदच होतं. पुढे काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

मानपाड्याला आमचा छोटा गाळा आहे. जुनी खेळाची मशीनं दुरुस्त करतो. मी चौथी पास, पण काळे पडलेले पॉइंट घासणं, तुटलेली वायर शोधणं मला येतं. हे मशीन लोखंडी गोळी उडवायचं, पिनबॉल. माजिवड्याच्या एका हॉटेलवाल्याला ते दसऱ्याला हवं होतं. बाकी सगळं झालेलं, फक्त पत्र्याच्या बॉडीला करंट येत होता. कुठून ते सापडत नव्हतं.

त्या दिवशी खंडेनवमी. सकाळी मी थिनरने हत्यारं, बोर्ड, वायरींच्या पिना सगळं पुसलं. फरशी पुसली. पाटावर हत्यारं मांडली, हळदकुंकू वाहिलं, मशीनवर झेंडू ठेवला. पूजेतली हत्यारं दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायची नसतात. पूजा झाली, फरशी अजून ओलीच होती, तोच ह्यांनी मशीनचं झाकण उघडायला घेतलं.

"अहो, आज नको."

"हत्यार कुठे लावतोय? नुसतं बघतो."

"उद्या बघा."

"उद्या तो टेम्पो घेऊन येईल, तेव्हा त्याला काय झेंडूची फुलं देऊ? बटण बंद कर."

पूजा केलेल्या मशीनपुढे चप्पल नको म्हणून त्यांनी रबरी चप्पल बाहेर काढली. टेस्टर पाटावर फुलांखाली होता, तो घेतला नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि आत हात घातला.

मशीनची पिन भिंतीतल्या बिनबटणाच्या बोर्डात होती, त्यांच्या पलीकडे. तिथे जायचं तर त्यांना घासून जावं लागलं असतं. मी पाट ओढला. हत्यारं, फुलं सगळं खाली पडलं. पाट दोन्ही हातांनी धरून त्यांच्या कोपरावर मारला. हात सुटला नाही. दुसऱ्यांदा मारताना वाटलं, हाड मोडणार. मोडू दे म्हटलं. तिसऱ्यांदा हात सुटला आणि ते मागे कोसळले. डोळे अर्धे उघडे. छातीवर कान ठेवायची भीती वाटत होती. भीतीने माझं लुगडं ओलं झालं होतं, ते मला दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

दोन दिवसांनी मी एकटीच गाळ्यात गेले. चप्पल घातली. पिन होती तशीच ठेवली, बटण बंदच होतं. टेस्टर बॉडीला लावला. पेटला. पिन काढली, उलटी फिरवून घातली. विझला. त्या पिनेला दोनच पाय. सुलट घातली तर बटण करंट तोडतं. उलट घातली तर मशीन बंद दिसतं, पण करंट आत उभा राहतो. सुलटी बाजू कळावी म्हणून ह्यांनी तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. मला वाटलं गेल्या वर्षीचं कुंकू, मी थिनरने पुसून टाकला. मग पिन हाताला आली तशी घातली.

बॉडीला करंट कुठून येत होता तेही पाहिलं. पत्र्याच्या कडेवर एका वायरचं कापडी वेष्टण झिजलं होतं. नखाएवढी जागा.

दवाखान्यात त्यांना सांगितलं, "पिन मीच उलटी घातली."

ते म्हणाले, "आणि वर पाटाने मारलंस."

"तीनदा."

"हाड मोडलंय माझं."

"ठाऊक आहे."

अजूनही बटण बंद केल्यावर मी आधी टेस्टर लावते, मगच आत हात घालते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. आम्ही दोघंही जिवंत आहोत.