बांधावरचा चाफा

गावाबाहेरच्या लहानशा मातीच्या धरणावर मी रोज सकाळी फिरायला जाते. खाली तलावात सहलीला येणाऱ्यांसाठी बदकाच्या आकाराच्या बोटी बांधलेल्या असतात. पाणी फार शांत असतं. इतकं शांत पाणी मला आवडत नाही.

परवा धरणाचा म्हातारा राखणदार बांधावरचं चाफ्याचं रोप उपटताना दिसला. मी चिडलेच. "अहो, कुणी हौसेनं लावलं असेल!"

"ताई, मुळं आत गेली की त्याच वाटेनं पाणी शिरतं. धरण फुटंल."

एवढं पाणी अडवणारा बांध एका कोवळ्या मुळाला भितो, हे मला ठाऊक नव्हतं.

तो बोटींकडे बघत म्हणाला, "तितं एक पोरगं बुडालं. त्याची आई दरसाल हितं चाफा लावती. तिला वाटतं, गुरं खात्यात."

"आणि तुम्ही फेकून देता?"

त्यानं रोप ओल्या फडक्यात अलगद गुंडाळलं. "फेकवतंय व्हय? सात झाडं झाली आमच्या अंगणात. फुलं मोप येत्यात, पण बायको एक तोडत न्हाई. दिवेलागणीला दार लावायच्या आधी अंगणात बघून इचारती, 'आत यायचं कोण ऱ्हायलंय का रं?'"