इंग्रजीची संथा

मला इंग्रजी माझ्या वडिलांनी शिकवलं, असं मी सांगितलं की अकोल्यातले त्यांचे यजमान आधी हसतात आणि मग मी थट्टा करते आहे का, हे बघायला बाबांच्या तोंडाकडे पाहतात. बाबा भिक्षुकी करतात. वास्तुशांत, मुंज, लग्न, सत्यनारायण. आमच्या भागात त्यांची स्कूटर प्रसिद्ध आहे, कारण ती सुरू होण्याआधी चार घरं जागी होतात. इंग्रजीचं म्हणाल तर त्यांची मजल मोबाइलच्या 'रिचार्ज' या शब्दापर्यंत. तरी शिकवलं त्यांनीच, आणि कसं शिकवलं हे सांगायला मला फार आवडतं.

मी एका खाजगी शाळेत चौथीला शिकवते. तेव्हा मी तिथे तात्पुरती होते. पात्रता परीक्षा पास झाल्याशिवाय कायम करत नाहीत, आणि ती परीक्षा देऊन मी दोनदा आपटले होते. इंग्रजीच्या भागात इतके गुण जायचे, की बाकीच्या विषयांनी कितीही ओढलं तरी गाडं पुढे सरकायचं नाही. तिसऱ्या खेपेला संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून चहा पाजला. एरवी ते कुणाला पाणीसुद्धा विचारत नाहीत, त्यामुळे पुढे काय येणार ते मी तिथेच ओळखलं.

"मॅडम, पोरं खूश आहेत तुमच्यावर," ते म्हणाले. "पन नियम आहे. या खेपेले पास व्हा. नाई तं आमाले दुसरं मानूस पाहा लागते."

मला ती शाळा सोडायची नव्हती. चौथीची पोरं म्हणजे कटकट असते, पण ती माझी कटकट होती. तिथे दुसरं कुणी येऊन उभं राहील, ही कल्पनाच मला सहन होईना. म्हणून मी बाजारातून जाडजूड गाइड आणलं आणि शब्दांवर तुटून पडले.

त्या गाइडात एक युक्ती होती. एकाच शेवटाचे शब्द एकत्र दिले होते. एका पानावर सगळ्या फोबिया, एका पानावर सगळ्या लॉजी, पुढे साइड, पुढे क्रसी. शेवट कळला की निम्मा अर्थ हाती लागतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या हाती काहीच लागत नव्हतं. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळपर्यंत सपाट. उंचीची भीती कोणती आणि पाण्याची कोणती, यात माझी रोज गल्लत व्हायची.

एक दिवस बाबा संध्येला बसले होते आणि मी शेजारच्या खोलीत येरझाऱ्या घालत पुटपुटत होते. बाबा आचमन अर्धवट टाकून आत आले. असं ते कधी करत नाहीत.

"हे तू पाठ करून राहिली की कोनाले गाऱ्हानं सांगून राहिली?"

"पाठच करते आहे, बाबा. राहतच नाही डोक्यात."

बाबा उभ्याउभ्या दुखावले. मी नापास झाले तेव्हा त्यांनी मला चकार शब्द ऐकवला नव्हता, पण आमच्या घरात, जिथे माणसं अख्खे अध्याय तोंडपाठ म्हणतात, तिथे कुणाला पाठ होत नाही, हा त्यांच्या धंद्याचा अपमान होता. हलवायाच्या पोरीनं साखर मिळत नाही म्हणून रडावं, तसं त्यांना वाटलं असणार.

"उद्या सकाळी आंघोळ करून बस माझ्यापुढे," ते म्हणाले. "संथा देतो."

इथे मला थांबून संथा म्हणजे काय ते सांगायला हवं. गुरू एक ओळ एकदा म्हणतो, शिष्य ती दोनदा म्हणतो. पुस्तक नसतं. चाल ठरलेली, आणि आमच्या शाखेत चालीबरोबर उजवा हातही हलतो. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, मधला आला की बाजूला. बाबांकडे शिकायला बाहेरगावची मुलं येत, ती त्यांच्या उजव्या हाताला ओळीनं बसत. मी लहानपणी दाराच्या चौकटीत बसून ते ऐकायची आणि फ्रॉकखाली हात हलवायची. एकदा मी विचारलं होतं, मला द्या ना संथा. बाबा म्हणाले होते, "मुलींना नसते गं. तू आपली स्तोत्रं म्हण." त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं, त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं. मी स्तोत्रं म्हटली. पण त्या ओळीत बसायची माझी हौस काही गेली नाही.

तर अशी मला संथा मिळाली. अर्थात फोबियाची.

पहिल्या दिवशी बाबांनी मला एकेक शब्द वाचायला लावला, अर्थ विचारला आणि लगेच पदं तोडायला घेतली. "शेवट आधी सांग. फोबिया म्हंजे भय. बरं. आपल्याकडे गावाच्या शेवटी पूर आलं की गाव कळते. अचलपूर, मूर्तिजापूर, बाळापूर. मंग एवढंच विचारायचं, कोनाचं पूर? तसं इथं विचारायचं, कायचं भय?" त्यांनी पाण्याचं भय खालच्या स्वरात लावलं, हायड्रोफोबिया जलभयम्, आणि उंचीचं वरच्या, ॲक्रोफोबिया उच्चभयम्. हात पाण्याला खाली गेला आणि उंचीला खांद्यावर आला. त्या दिवसानंतर माझी गल्लत कधी झाली नाही.

मग ते उलटसुलट घेऊ लागले. शब्द, अर्थ, अर्थ, शब्द, पुन्हा शब्द, अर्थ. अवघड पाठ पक्का करायची ही त्यांची पद्धत. क्रसी आली तेव्हा ते म्हणाले, ही तर आपली शाही, निजामशाहीतली. लॉजी म्हणजे शास्त्र, हे कळल्यावर तर ते घरभर हिंडून कोण कोण लॉजी आहे ते शोधू लागले. ॲस्ट्रॉलॉजी म्हणजे ज्योतिष, हे ऐकून त्यांनी आईला हाक मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "अवो, मी ॲस्ट्रॉलॉजिस्ट आहो." आई म्हणाली, मग गॅस सिलिंडर कधी येणार ते सांगा.

खरी मजा साइडच्या आठवड्यात झाली. साइड म्हणजे मारणारं किंवा मारणं. कृषी केंद्रांच्या पाट्यांवरून इन्सेक्टिसाइड, फंगीसाइड, हर्बिसाइड बाबांना आधीच माहीत होते. तेल्हाऱ्याकडचे त्यांचे यजमान कपाशीवर फवारणी कधी करायची याचाही मुहूर्त विचारतात. पण गाइडात पुढे माणसं मारायला सुरुवात झाली. पॅट्रिसाइड पितृहत्या. मॅट्रिसाइड मातृहत्या. फ्रॅट्रिसाइड भ्रातृहत्या. पहाटे साडेपाचला, खणखणीत आवाजात, बाबा एकदा आणि मी दोनदा.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आईला दारात गाठून दबक्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, काहून वं, घरात काही झालं काय? पोरगी रोज सकाळी बापाच्या हत्येचं म्हनून राहिली, अन् बापबी संगं म्हनून राहिला!"

आईनं त्यांना परीक्षेचं सांगितलं. काकूंना ते पटलं नाही, पण निघताना त्या म्हणाल्या, काही असो, चाल मस्त आहे.

परीक्षेचं केंद्र अमरावतीला आलं. बाबांनी त्या दिवशीचं एक लग्न दुसऱ्या गुरुजींना दिलं आणि माझ्याबरोबर निघाले. गाडीत बडनेऱ्यापर्यंत त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. ऐन वेळी विचारू नये, असा त्यांचा नियम आहे. शाळेच्या फाटकावर ते म्हणाले, "जा. मी इथंच लिंबाखाली बसतो. विष्णुसहस्रनाम म्हनतो तुझ्यासाठी."

माझी खोली तळमजल्यावर, मैदानाकडच्या बाजूची होती. इंग्रजीचा भाग आला. पहिलाच शब्द फ्रॅट्रिसाइड. मला हसू फुटलं. मी मनातल्या मनात चाल धरली आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. मग खाली. मग बाजूला.

"ओ मॅडम!" पर्यवेक्षिका बाई तीरासारख्या आल्या. "कोनाले इशारे चालू आहेत?"

"इशारे नाहीत हो. मी आठवते आहे."

"हातानं आठवता? म्या पंचवीस परीक्षा पाहिल्या, असं आठवनं नाई पाहिलं. हात पुन्हा वर दिसला तं पेपर घेईन. तोंडबी हलवू नका."

त्यांचं काय चुकलं? मागच्या बाकावरचा माणूस खरंच माझ्या हाताकडे बघून आपल्या पर्यायांचा विचार करत होता. मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले, आणि हात थांबला तसे शब्दही थांबले. समोर ऑर्निथॉलॉजी होतं. लॉजी म्हणजे शास्त्र, ठीक. पण कशाचं? चाल नाही, हात नाही, काही नाही. सचिवांचा चहा आठवला. माझ्या वर्गात दुसरंच कुणी हजेरी घेतं आहे असं दिसायला लागलं, आणि मी फार घाबरले.

तेवढ्यात खिडकीतून चाल आली.

बाबांचा आवाज माइकवर वाढलेला नाही. तो फाटकापासून मैदान ओलांडून येत होता. शब्द एकही कळत नव्हता, नुसते स्वर, चढ आणि उतार. विष्णुसहस्रनामाची ही चाल नव्हे, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी डोळे मिटले, मांडीखालच्या हाताची बोटं तेवढी हलू दिली, आणि ऑर्निथॉलॉजी पक्षिशास्त्रम् असं झपकन वर आलं. मागोमाग बाकीचे आले. बाई माझ्याकडे टक लावून होत्या, पण बोटांवर त्यांचा आक्षेप नव्हता.

पेपर देऊन मी धावतच फाटकाशी गेले, तर लिंबाखाली गर्दी. बाबा डोळे मिटून मध्ये बसलेले, हात वर-खाली चाललेला. भोवती परीक्षार्थींचे आईबाप हात जोडून. बाबांपुढे वर्तमानपत्रावर संत्री, दोन केळी आणि शेवंतीची फुलं. वरूडकडच्या एक बाई म्हणत होत्या, "महाराज, आमची सून आत हाये, तिच्यासाठीबी म्हना." एका गृहस्थांनी विचारलं, हे कोणतं सूक्त? आणि मी जवळ पोचले तेव्हा मला पहिल्यांदा शब्द ऐकू आले.

"पॅट्रिसाइड पितृहत्या, पितृहत्या पॅट्रिसाइड!" बाबा भक्तिभावानं म्हणत होते, आणि सगळ्यांनी नमस्कार केला.

परतीच्या गाडीत संत्री सोलता सोलता मी त्यांना विचारलं, सहस्रनामाचं काय झालं?

"सुरू केलं होतं न," बाबा ओशाळून म्हणाले. "पन महिनाभर दुसरं काय म्हटलं आपन? तू आत बसलेली, अन् तोंडातून तेच निघे."

चाल आत ऐकू आली, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "मंग ही कॉपी झाली काय?" शब्द एकही ऐकू आला नाही, अशी मी शपथ घेतली, तेव्हा कुठे त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली.

निकाल आला त्या सकाळी बाबा नव्या वस्तीत वास्तुशांतीला गेले होते. फोन ते होमाच्या वेळी बंद ठेवतात. मी पत्ता विचारत तिथे गेले आणि दारात उभी राहिले. आहुती चालल्या होत्या. त्यांनी मंत्र न थांबवता माझ्याकडे पाहिलं, मी 'पास झाले' अशी मान डोलावली. त्यांचा हात खाली यायचा होता, तो वरच राहिला.

होमापाशी बसलेल्या यजमानांनी दाराकडे वळून बघितलं. "गुरुजी, मुलगी का तुमची?"

बाबांनी तुपाची पळी खाली ठेवली. "मुलगी तं आहेच," ते म्हणाले. "पन ही माझी शिष्या आहे."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. यजमानीणबाई गडबडीनं पाट घेऊन आल्या आणि भिंतीशी टाकायला लागल्या.

"तिथं नाही," बाबा म्हणाले. "इकडे, माझ्या उजव्या हाताला टाका."