खांदेउडव्यांचा उजवा खांदा

पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत बसणाऱ्या कारकुनाला आमच्या गल्लीत सगळे खांदेउडवे म्हणत. आडनाव नव्हे, कर्तृत्व. नळ कोरडा पडो की गटाराचं पाणी येवो, साहेब दोन्ही खांदे कानापर्यंत नेत आणि सोडून देत. झालं निवारण. एवढ्या कामावर बढतीसुद्धा मिळवली.

मग मानेत गाठ आली. सर्जननं ती काढली, गाठ साधी निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण उजवा खांदा जो खाली लोंबला तो वर जाईना. हात डोक्याला पोचेना. भांग पाडून देताना बायको म्हणाली, "लग्नात हे ठरलं नव्हतं." व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तपासून सांगितलं, कवटीतून निघून मानेतून खांद्यात उतरणारी नस गाठीबरोबर कापली गेलीय. लवकर जोडली तर हात वर जाईल. उशीर केलात तर जन्माचा लोंबला.

खांदेउडवे सर्जनकडे धावले. सर्जननं खांदे उडवले.

"दोन्ही उडवले हो," मला सांगताना त्यांचा आवाज चिरकला. इतकी वर्षं मला खिडकीवरून हाकलणारा माणूस माझ्या उंबऱ्यात.

"तुमचा डावा शाबूत आहे ना? तोच उडवा आणि घरी जा," मी म्हटलं. पण हात गेला तर माणूस कामातून जाणार. राग गिळला, गल्लीतल्या बायकांना बोलावलं, म्हटलं, सर्जनच्या दारात धरणं धरून बसू.

"ह्यांच्यासाठी धरणं?" त्यांतल्या सगळ्यात थोरल्या, आमच्या मावशी म्हणाल्या. "आधी आमचा नळ."

दुपारी खांदेउडव्यांनी धाडलेला फिटर आला. कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद होता, तो फिरवला. पाणी धो धो. एवढ्यासाठी दोन उन्हाळे आम्ही घागरी वाहिल्या! बायकांनी दिलेल्या शिव्या इथं लिहीत नाही. खांदेउडव्यांना पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या खुर्च्या भरल्या, उरलेल्या बायका जमिनीवर. सर्जन बाहेर आला. "होतं असं कधी कधी," म्हणत त्याचे खांदे वर निघाले.

"खाली ठेवा, डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "ह्यांच्या खिडकीत आमचं शिक्षण झालंय. खांदे उडाले की लोक उठून जातात. आज नाही उठत."

दारातली गर्दी बघून पेशंट परत फिरू लागले. संध्याकाळी सर्जननं नसा जोडणाऱ्या डॉक्टरला फोन लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या हातून नस कापली गेलीय." ऑपरेशन परवा ठरलं.

खांदेउडवे हात जोडायला आले. एक हात छातीशी, दुसरा त्याला शोधत.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. "परवा ऑपरेशन ना? मग उद्या रजा टाकू नका. शेजारच्या गल्लीलाही पाणी नाही."